प्रचंडरावी काळं चिलट

एका जंगलात एक साळू राहत असे. कुठलं जंगल, असं विचारू नका. सांगितलं, की लगेच तिथे एसटी जाते का म्हणून विचाराल. तेव्हा हाताची घडी घाला आणि ऐका.

साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभाव मऊ. सगळे तिला साळूबाई म्हणत. डोंगराच्या पोटात तिची एक गुहा होती. गुहेत कायम ओल असे. त्या ओलीत, कुजलेल्या पानांच्या थरावर साळूबाई अळंबी पिकवी. पांढरीशुभ्र, गुबगुबीत अळंबी. तसं पीक जंगलात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

ही अळंबी ती स्वतः खात नसे. तिचं कंदमुळांवर भागे. अळंबी होती सासूसाठी. सासूला ती आत्याबाई म्हणे. आत्याबाई फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांचे काटे गळले होते आणि दातही पडले होते. अळंबीशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. अळंबी असली की आत्याबाई जेवत, नसली की उपाशी राहत. इतकी साधी गोष्ट होती. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जंगलातले सगळे शहाणे ती विसरणार आहेत.

एके सकाळी अळंबीवर काळी चिलटं दिसली. काजळाचे कण उडावेत तशी बारीक. दिसायला बिचारी, पण त्यांच्या अळ्या देठात शिरत आणि आतून पोखरत. वरून छत्री ठाकठीक, आत नुसता भुगा. साळूबाईने चिलटं मारायला पंजा उगारला आणि तसाच खाली घेतला.

का घेतला? कारण त्या जंगलात कायदा होता. अनोळखी जीव मारायचा नाही. आधी तो कोण हे शास्त्रीबुवांकडून ठरवून घ्यायचं, मग काय करायचं ते करायचं. मागे एकदा राजाचे मेहुणे चिखलात लोळून येत होते. एका कोल्ह्याने त्यांना न ओळखता चावा घेतला. तेव्हापासून हा कायदा झाला. मेहुण्यांसाठी झालेले कायदे फार टिकतात.

साळूबाई चार चिलटं पानात गुंडाळून घोयरेशास्त्र्यांकडे गेली. घोयरा तुम्हाला ठाऊक असेल. तोच तो सरडा, ज्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. शास्त्रीबुवा बोरीच्या फांदीवर बसलेले असत. एका डोळ्याने ते नमुना बघत आणि दुसऱ्याने नमुना आणणाऱ्याला. त्यामुळे ते विद्वान आहेत, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

त्यांनी पहिलं चिलट पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं. या चिलटाचे दोन्ही डोळे कपाळावर एका बारीक पुलाने जोडलेले होते. शास्त्रीबुवांचे डोळे जन्मात एकमेकांना भेटले नव्हते. ते बराच वेळ त्या पुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी मिशीचे मणी मोजले, पंखातल्या शिरा तपासल्या, एक शीर पुढे जाऊन कशी दुभंगते ते पाहिलं. शेवटी म्हणाले, की एवढ्यावर काही सांगता येत नाही. खरी ओळख पटते ती नराच्या शेपटाशी असलेल्या चिमट्यावरून. या चारही माद्या होत्या.

"मग मादी कुठल्या जातीची ते कसं कळतं?" साळूबाईने विचारलं.

"कळत नाही. नर सापडला की त्याचंच नाव तिला."

"म्हणजे आमच्यासारखंच," साळूबाई म्हणाली.

ती पुन्हा गेली आणि नर घेऊन आली. आता तो नर आहे हे तिला कसं कळलं, असं मध्येच विचारू नका. कळलं नव्हतंच. तिने ढीगभर मेलेली चिलटं गोळा करून आणली, त्यात थोडे नर निघाले. शास्त्रीबुवांनी चिमटे पाहिले. पुन्हा आण म्हणाले. तिने पुन्हा आणले. शास्त्रीबुवांची एक सवय होती. नमुना तपासून झाला की त्यांची जीभ सटकन बाहेर येई आणि नमुना नाहीसा होई. तपासलेला नमुना वाया घालवणं हा शास्त्राचा अपमान आहे, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे दर वेळी नवे नमुने लागत.

इकडे अळंबी कमी होत चालली. आत्याबाईंना पूर्वी पोटभर मिळे, आता अर्धपोटी मिळू लागली. त्या रिकाम्या द्रोणाकडे बघत बसत. साळूबाईला ते बघवत नसे.

अखेर निकाल लागला. शास्त्रीबुवा फांदीवर उभे राहिले आणि त्यांचा रंग आनंदाने पिवळा झाला. हे चिलट आजवर कोणाला माहीतच नव्हतं. अगदी नवी जात. आता फक्त नाव ठेवायचं बाकी होतं.

साळूबाईने हात जोडले. "शास्त्रीबुवा, 'अळंबीखाऊ' ठेवा आणि मला मोकळी करा."

"खाण्यावरून नावं ठेवायची म्हटलं," शास्त्रीबुवा म्हणाले, "तर सगळ्या जंगलाला एकच नाव पडेल."

शास्त्रात रीत अशी होती, की नवा जीव सापडला की तो कोणा थोरामोठ्याच्या नावे करायचा. शास्त्रीबुवांनी तरुणपणी एक जळू आपल्या गुरूंच्या नावे केली होती. गुरू इतके खूश झाले, की आल्यागेल्याला ती जळू दाखवत. ती लावून घेता का, असंही विचारत. आता शास्त्रीबुवांना राजदरबारात जागा हवी होती. राजा होता वाघ. त्याचं नाव प्रचंडराव. तेव्हा चिलटाचं नाव ठरलं 'प्रचंडरावी काळं चिलट'.

शास्त्रीबुवा नमुना घेऊन दरबारात गेले. प्रचंडराव महाराजांनी आधी चौकशी केली, की हा जीव दिसतो कसा.

"काळाभोर, महाराज. डोळे कपाळावर भिडलेले."

"आणि करतो काय?"

"खातो, महाराज."

महाराजांचे डोळे पाणावले. "आमच्यावरच गेला," ते म्हणाले.

त्याच दिवशी जंगलात दवंडी पिटली गेली. प्रचंडरावी चिलटावर जो हात उगारेल, त्याने महाराजांवर हात उगारला असं समजलं जाईल. साळूबाईची गुहा अभयारण्य म्हणून जाहीर झाली. महाराजांच्या त्याच मेहुण्यांनी येऊन गुहेच्या तोंडाशी दगड बसवला आणि भाषण केलं. आपलं पीक चिलटांना अर्पण केल्याबद्दल साळूबाईचे आभारही मानले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईने पण वाजवल्या, कारण शेजारी महाराजांचा शिपाई लांडगा उभा होता.

चिलटं मात्र जोमात आली. त्यांना सत्ता लगेच कळते. साळूबाई दरबारात गेली आणि महाराजांच्या पायाशी बसली. तिने सांगितलं, की म्हातारी सासू आहे, तिला दात नाहीत, तिचा जीव त्या अळंबीवर आहे. महाराजांना खरंच वाईट वाटलं. त्यांच्या नाकावर तेव्हा एक चिलट बसलं होतं आणि सगळा दरबार त्याला नमस्कार करून उभा होता.

"तुझं दुःख कळतं, साळू," महाराज म्हणाले. "पण मला मारा असा हुकूम मीच कसा देऊ?"

साळूबाई रडत बाहेर पडली. आता तुम्ही म्हणाल, तिने हात टेकले. नाही. ती तडक बोरीच्या झाडाखाली गेली. शास्त्रीबुवांना चार शब्द सुनवायचे असं तिने ठरवलं होतं. पण तिथे पोचेपर्यंत तिच्या मनात एक वेगळाच प्रश्न आला.

"शास्त्रीबुवा, माझ्या गुहेतली सगळी चिलटं प्रचंडरावीच आहेत कशावरून?"

शास्त्रीबुवांचे दोन्ही डोळे तिच्याकडे वळले. असं क्वचितच होई. "जिवंतपणी सांगता येत नाही," ते म्हणाले. "मेल्यावर चिमटा पाहावा लागतो."

"मेल्यावर कळलं, की हे प्रचंडरावीच होतं, तर?"

"तर तो शास्त्राचा नमुना झाला. त्याला मारणं कोण म्हणेल?"

"आणि दुसरंच काही निघालं तर?"

"तर दवंडीचा प्रश्नच येत नाही."

साळूबाई घरी आली ती धावतच. तिने फणसाचा चीक आणला, पळसाच्या पानांना फासला आणि ती पानं अळंबीच्या वाफ्यांवर टांगली. चिलटं भराभर चिकटली. रोज सकाळी ती पानं उतरवून शास्त्रीबुवांकडे पोचवी. लांडग्याने वाटेत हटकलं, तर अभ्यास चालला आहे असं सांगे. लांडगा बाजूला होई. अभ्यासाला कोण आडकाठी करतं? शास्त्रीबुवा चिमटे बघत, जीभ सटकन बाहेर काढत आणि तृप्त होत. त्यांच्या गळ्याखाली एक छान वळी आली.

गुहेत पुन्हा अळंबी फुटली. साळूबाईने तिचं कालवण केलं आणि आत्याबाईंपुढे द्रोण ठेवला. आत्याबाईंनी द्रोण चाटूनपुसून स्वच्छ केला. मग त्या म्हणाल्या, "साळे, गुणाची आहेस." इतक्या वर्षांत सासूने असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. साळूबाईला इतका आनंद झाला, की तिचे काटे खुळखुळले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. तुम्हीही आता झोपायला गेला असता आणि मलाही बरं वाटलं असतं. पण घोयरेशास्त्री फांदीवरून उतरले.

घोयरा कधी घाई करत नाही. एक पाऊल उचलतो, डुलतो, विचार करतो आणि मग टेकवतो. त्या दिवशी मात्र शास्त्रीबुवा विचार न करता चालत आले. एका नमुन्याचा चिमटा निराळा निघाला होता. पंखातली शीरही जरा आधीच दुभंगत होती. प्रचंडरावी नव्हे, दुसरीच जात. तीही नवी. आणि साळूबाईने शास्त्राची जी सेवा केली होती तिची जाण ठेवून या जातीचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'साळूबाई काळं चिलट'.

साळूबाई आधी हसली. नको म्हणाली. मग तिने विचारलं, की ही जात पुष्कळ आहे का. शास्त्रीबुवा म्हणाले, तुझ्या गुहेतच असावी, जगात इतरत्र कुठे दिसलेली नाही. मग तिने विचारलं, की हे नाव किती दिवस राहील. शास्त्रीबुवा म्हणाले, जंगल जळून गेलं तरी राहील. मग साळूबाईने पुन्हा नको म्हटलं नाही.

दरबारात तिचा सत्कार झाला. महाराजांनी स्वतः तिच्या अंगावर शाल घातली. ती काट्यांनी फाटली, पण टाळ्या पडल्या. जंगलात हत्ती होता, गवा होता, नाचणारा मोर होता. त्यांच्यापैकी कोणाच्या नावाचं काही नव्हतं. एक महाराज आणि दुसरी साळूबाई. हरिणी तिला वाट देऊ लागल्या. लांडगा तिला 'बाईसाहेब' म्हणू लागला.

ती घरी आली. अळंबीवर चिलटं भुरभुरत होती. तिने चिकाचं पान हातात घेतलं आणि थांबली. यातलं कुठलं प्रचंडरावी आणि कुठलं आपलं? जिवंतपणी सांगता येत नाही. तिने डोळे बारीक करून पाहिलं. एक चिलट देठावर बसून पंख साफ करत होतं. ते तिला जरा ओळखीचं वाटलं. नाकाडोळ्याने नीटस, कामसू.

साळूबाईने पान खाली ठेवलं. आधी तिने त्या वाफ्यावरची पानं काढली. मग शेजारच्या वाफ्यावरची. मग सगळीच. शास्त्रीबुवांनी निरोप पाठवला, की नमुने येईनासे झाले. तिने उलट निरोप धाडला, की अभ्यासाच्या नावाखाली जीव घेणं बरं नव्हे.

अळंबी पुन्हा झडू लागली. आत्याबाईंचा द्रोण आधी अर्धा झाला, मग रिकामा. साळूबाई त्यांना साल कुटून, भिजवून देई. ती त्यांच्या घशाखाली उतरत नसे. साळूबाईला वाईट वाटे. पण पाहुणे येत, गुहा बघत, चिलटांचा काळा ढग दाखवून "या तुम्हीच ना?" असं विचारत, तेव्हा ते वाईट वाटणं जरा कमी होई.

शेवटी गुहेत एकच अळंबी उरली. आत्याबाई भिंतीला धरून धरून तिच्यापाशी गेल्या. अळंबीवर चिलटं बसली होती. आत्याबाईंनी पंजा उगारला.

साळूबाई धावली आणि तिने तो पंजा वरच्या वर धरला.

"आत्याबाई, थांबा," ती म्हणाली. "त्यात मी असेन."

आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग चिलटांकडे पाहिलं. "मग तू जेव, बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पंजा खाली घेतला. दुपारपर्यंत चिलटांनी ती अळंबी संपवली.

तात्पर्य : घर खाणाऱ्याला मारण्याआधी त्याचं नाव विचारावं. नाव आपलंच निघालं, तर त्याला पोटभर खाऊ द्यावं. घरात उपाशी कोण राहिलं, हे शास्त्रात विचारत नाहीत.