डाव्या काठाची उजवी पट्टी

आधीच सांगून ठेवतो, मी सुतार बोलावला नाही आणि बोलावणारही नाही!

सासऱ्यांच्या मागे राहिलेली शिडाची बोट आमच्या अंगणात उभी होती. अंगाने ठणठणीत, पण काठावरची लाकडी पट्टी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झालेली. मेहुण्याने परस्पर गिऱ्हाईक शोधलं.

"भावोजी, विकून टाकू. तुमच्याने काही व्हायचं नाही."

"माझ्याने? रविवारी ये आणि बघ!"

बायकोने निकाल दिला, "रविवारपर्यंत दोन्ही काठ नवे झाले तर बोट आपली. नाहीतर हा म्हणतो तसं."

बोट जाऊ देणं मला शक्यच नव्हतं. याच बोटीत तिने मला पहिल्यांदा 'अहो' म्हटलं होतं आणि माझा तोल गेला होता. सरळ पाण्यात!

लाकूड वाकवायचं तर आधी वाफवावं लागतं. अंगणात वाऱ्याने शेगडी टिकेना, म्हणून काम घरात आणलं. नवी, लांबलचक सरळ पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली, सुईत दोरा ओवावा तशी अलगद. उजव्या काठाची जुनी पट्टी जमिनीवर ठेवून तिचा बाक खडूने आखला. ती पोटावर, म्हणजे बोटीवर असते तशी, ठेवली की भुगा होई, म्हणून पाठीवर निजवली. रेघेवर ठोकळे ठोकले.

"अहो, फरशी!"

"फरशीचं नंतर बघू!"

नळीत कोंडलेल्या वाफेने पट्टी अशी मऊ झाली, जशी रुसलेली लेक आईच्या कुशीत. वाकली, ठोकळ्यांना बिलगली, निवली. लाकूड वाकलं, मी नाही वाकलो!

मग लक्षात आलं, सरळ आत आलेली पट्टी वाकडी होऊन बाहेर जात नाही. दारातून नाही, खिडकीतून नाही. आडवी नाही, उभी नाही.

"आता बोटच आत आणा," बायको म्हणाली.

मी खिडकी चौकटीसकट काढली. थोडी भिंतही आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. पट्टी बाहेर गेली आणि वारा आत आला. दुधावर पीठ, पिठावर माती. बायको तरातरा अंगणात गेली, बोटीचं शीड उचलून आणलं आणि खिडकीच्या भगदाडावर खिळ्यांनी ठोकून टाकलं.

"शिडाला भोकं पडतील ना!"

"पडू देत! भिंतीला पडलंच आहे!"

मी पट्टी काठावर टेकवली. मी इकडे वळवतोय, ती तिकडे वळतेय! पाठीवर निजवलेल्या पट्टीचा बाक उलटा आखला गेला होता. उजव्या काठासाठी मी डाव्या काठाची पट्टी केली होती, आणि तीही काय देखणी! मग काय, डावीकडची जुनी पट्टी उखडली आणि ही ठोकली. उजवा काठ बोडकाच राहिला.

रविवारी मेहुणा गिऱ्हाईक घेऊन आला. मी दोघांना डावीकडे उभं केलं.

"वा!" गिऱ्हाईक म्हणालं आणि उजवीकडे गेलं.

"भावोजी, हा काठ?"

"एका वेळी एकच बाजू पाहावी!"

"ताई, ठरलं होतं दोन्ही काठांचं. आता बोट माझ्या म्हणण्याप्रमाणे."

मी डाव्या काठावरून हात फिरवत राहिलो.

"चालेल मला," गिऱ्हाईक म्हणालं. "शीड कुठंय?"

"खिडकीला," बायको म्हणाली.

"काढून द्या."

"आणि आम्ही वाऱ्यात जेवू? शीड निघणार नाही!"

"अगं ताई, शिडाशिवाय बोट कोण घेईल?"

"मग नका घेऊ!"

गिऱ्हाईक गेलं. पाठोपाठ मेहुणाही गेला. बायको माझ्याकडे वळली, "खिडकी कधी बसवताय?"

"आधी उजवा काठ!" मी छाती काढून म्हणालो. खिडकी बसली की शीड मोकळं, आणि शीड मोकळं की मेहुणा हजर. एवढं मला कळतं.

तेव्हा सध्या वारा सुटला की आमचं स्वयंपाकघर टम्म फुगतं, भांडी किणकिणतात, आणि आम्ही दोघं ताटं धरून बसतो. बोट अंगणात स्वस्थ उभी राहून आमचा प्रवास बघते.