खाली कोन झोपतं?

साप निघाला म्हणून बोलावलं की धोंडूभाऊ सापाकडे बघतच नाहीत. आधी घरात डोकावतात आणि विचारतात, "खाली कोन झोपतं?" साप गोठ्यात असो नाहीतर सरपणात, यांची पहिली चौकशी अंथरुणाची!

धोंडूभाऊ आमच्या मळवलीतल्या एका बंगल्याचे केअरटेकर. मालक वर्षातून दोनदा उगवतात. एरवी तिथे भाऊ एकटे. गावात काही वळवळलं की माणसं त्यांच्याकडे धावतात, पण घाई केलेली त्यांना खपत नाही. "बारशाला बारा दिस थांबता, आन् ह्याचं नाव लगीच पायजे व्हय?" असं म्हणत ते उकिडवे बसतात. धामण, दिवड, घोणस, नाग. गवतात चार बोटं शेपूट दिसली तरी नाव बिनचूक सांगणार.

फक्त एका ठिकाणी भाऊंचं घोडं पेंड खातं. अंगावर पट्टे दिसले की संपलं. "मण्यार!" अहो, पट्टे बिनविषारी कवड्यालाही असतात. पण भाऊंच्या लेखी कवड्या जन्मालाच आलेला नाही. शाळेतली पोरंसुद्धा हसतात.

गेल्या श्रावणात आमच्या न्हाणीघरात पट्टेवाला निघाला. मी निवृत्त मास्तर, खात्री केल्याशिवाय बोलायचो नाही. मोबाइलवर त्याचा फोटो काढून मोठा करून पाहिला. पट्टे मानेपासूनच सुरू, शेपटीकडे पुसट. अस्सल कवड्या!

भाऊ आले. "खाली कोन झोपतं?"

"आई."

झालं! "मण्यार हाय," म्हणत त्यांनी साप काठीने बरणीत ढकलला, आईचं अंथरूण अंगणात नेऊन झटकलं, आणि तिला खाटेवर बसवल्याशिवाय चहाला हात लावला नाही. साप सोडायला दोघं ओढ्याकडे निघालो. माझ्यातला मास्तर काही गप्प बसेना.

"भाऊ, कवड्या आहे हा! इतकी वर्षं साप बघता, एवढं कळत नाही?"

"कळतंय की, गुरुजी. कवड्याच हाय."

भाऊंनी झाकण काढलं. साप गवतात गेला.

"आमच्या घरात आसाच निगालता. मंडळी म्हनली, जरा बगा. मी लांबनंच बगितलं. म्हनलं, कवड्या हाय, नीज. ती खाली निजली." त्यांनी बरणी ओढ्यात बुडवून विसळली. "मण्यार व्हती. मंडळी सकाळी उटलीच न्हाई."

मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

"चुकायचंच आसंल तर ह्या अंगानं चुकतो," भाऊ म्हणाले आणि बंगल्याच्या वाटेला लागले.

घरी आलो तर आई खाटेवरच बसून होती. "काय रे होतं ते?"

"मण्यार," मी म्हणालो, आणि तिचं अंथरूण खाटेवर घातलं.