पडदेवाल्यांचा स्टाफ

"चूक आमच्या स्टाफची आहे, मॅडम. मी त्याला चांगलाच फैलावर घेतो," पडदेवाले फोनवर म्हणाले.

मशीनवर बसलेल्या बायकोने पाय थांबवला आणि पुन्हा सुरू केला. दुकानात स्टाफ नव्हताच. ती शिवायची, हे मापं घेऊन कापायचे आणि चुका तेवढ्या स्टाफ करायचा. बिचाऱ्याने आजवर निमूट पुष्कळ सोसलं होतं. उशीर त्याने केला, रंग त्याने चुकवला. दोनदा तर त्याला कामावरून काढूनही झालं होतं.

पण आज फोनवर हॉटेलच्या मॅनेजरबाई होत्या. नमुन्याचे पडदे वीतभर आखूड आले होते आणि सगळ्या खोल्यांचं काम अजून मिळायचं होतं.

"फैलावर घ्या, पण माझ्यासमोर," बाई म्हणाल्या. "जबाबदार कोण ते कळल्याशिवाय मी काम देत नाही. येतेच."

पडदेवाल्यांनी फोन ठेवला. "आता माणूस कुठून आणू?"

"खरं सांगून टाका ना," बायको हळूच म्हणाली.

"आणि काम गेलं तर?"

आतल्या खोलीत, लेकीला भेटायला आलेले सासरे पेपर वाचत होते. जावयाने हात जोडले. "फक्त मान खाली घालून उभं राहायचं. बोलायचं काही नाही."

"जमेल की, जावईबापू. तुमच्या सासूबाईंपुढे भरपूर सराव झालाय."

बाई आल्या. पडदेवाल्यांनी घसा खाकरला. "काय हो... काय रे! माप नीट घेता... घेतोस की नाही? लक्ष कुठे असतं आपलं?"

मशीन थांबलं. बायकोने नवऱ्याकडे असं काही पाहिलं की ते टेप गुंडाळू लागले.

"मापात खालची दुमड धरायला विसरलो," सासरे म्हणाले. जावयाची ही खोड लेकीने सकाळीच त्यांच्या कानावर घातली होती. "चूक माझी. पडदे नवीन करून देतो."

बाईंचा चेहरा निवळला. "चूक माझी म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. काम तुम्हालाच. पण यांना काढायचं नाही, आणि मी बोलणार ते फक्त यांच्याशी." जाता जाता त्या पडदेवाल्यांना म्हणाल्या, "आणि वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे करू नका. बरं नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी जावयाने कापलेला पडदा सासऱ्यांनी टेपने मोजला. पुन्हा आखूड. जावयाने काही म्हणायच्या आत फोन वाजला आणि सासऱ्यांनी तो उचललाही.

"हो मॅडम, स्टाफच बोलतोय. एक दिवस उशीर होईल. आमचे मालक पुन्हा दुमड विसरले. नाही हो, त्यांना काढता कसं येईल? जावई आहेत माझे."

पलीकडे बाई इतक्या मोठ्याने हसल्या की मशीनच्या आवाजातही ते स्पष्ट ऐकू आलं.

सासऱ्यांनी फोन ठेवला. "काम आपल्याकडेच आहे. मापं मात्र मी घ्यायची म्हणाल्या."

"आणि मी?"

"तुम्ही शिडी धरायची."