गेटवर जाऊन राहिलेले दौलतकाका

दौलतकाका वेबसाइट उघडायच्या आधी केस विंचरतात.

केस म्हणजे कानाच्या मागं उरले तेवढेच. पण खिशातून कंगवा निघते, शर्टाचं वरचं बटन लागते, अन् मग काका माउसले हात लावतात. मी नवीन भाडेकरू होतो तेव्हा मले वाटलं, कोणाचा व्हिडिओ कॉल असंल. काका म्हणाले, "कॉल नाही गा. गेटवर जाऊन राहिलो."

काका रिटायर होईपर्यंत हिंगण्याच्या एका कारखान्यात गेटवर होते. एकदा पास नाही म्हणून त्यांनी मालकाच्या मेव्हण्याले गाडीसकट उन्हात उभं ठेवलं होतं. कारखाना सुटला, गेट काही सुटलं नाही. मी रोज त्यांच्याच घरातून वरच्या खोलीत जातो, तरी पायरीवर विचारतात, "नाव? काम?" मी म्हणतो, "नाव पंकज, काम झोपणं." मग मान हालते, म्हणजे जा.

मी मौद्याचा. नागपूरच्या मिहान आयटी पार्कमध्ये एका कंपनीत फोनवर बोलायचं काम करतो. मिहान म्हटलं की गल्लीले वाटते याले कम्प्युटरचं सगळं समजते. मले फक्त लोकांचे आवाज काढता येतात. त्यामुळं कोणाची साइट अडली की मी त्याले खाली काकाकडं पाठवतो.

काकाचं शास्त्र सोपं आहे. प्रत्येक वेबसाइटले गेट असते, अन् गेटवर एक माणूस बसला असते. त्याच्यावर चिडायचं नाही. तो आपली ड्युटी करून राहिला. कुकी म्हणजे जुने पास. "तुहा फोन त्याले मागच्या सालचा पास दाखवून राहिला, तो कसा सोडंन? आधी जुने पास फाड." कोणी व्हीपीएन लावून आला की म्हणतात, "तोंडाले दुपट्टा बांधून गेटवर उभा राहशील, तर मी तरी सोडीन का?"

बाजूच्या प्रीतीचं हॉलतिकीट निघत नव्हतं. साइट म्हणे, कनेक्शन सुरक्षित नाही. पोरगी रडाले आली. काकांनी तिच्या फोनची तारीख पाह्यली, तर फोन मागच्याच वर्षात बसलेला. "बाई, तू आज आली, तुहा फोन अजून यायचाच आहे." तारीख सुधारली, हॉलतिकीट निघालं, काकूनं चहा दिला. कोणीही आलं तरी चहा होतेच.

नंबरही त्यांचे पाठ. "चारशे चार म्हणजे पत्ता चुकला, असं घरच नाही. चारशे तीन म्हणजे घर आहे, आत माणूस आहे, त्यानं तुले पाह्यलं आहे. पण सोडून नाही राहिला."

हे मी ऑफिसात असं करून दाखवतो की लोक जेवतानी ठसकतात. एकदा गच्चीवर करत होतो, तर मागं काका उभे. मले वाटलं, गेली खोली. ते म्हणाले, "पास म्हणतानी मी हात बाहेर नाही काढत गा. छातीपाशी ठेवतो." अन् करून दाखवलं.

मागच्या रविवारी सकाळी मी भाडं वगैरे काही नाही, असाच चहाच्या वासानं खाली उतरलो. काका तयार होऊन बसले होते. समोर स्क्रीनवर चारशे तीन. मले चेव आला. त्यांच्याच आवाजात सुरू झालो.

"जुने पास फाडले का?"

"फाडले."

"घड्याळ?"

"बरोबर आहे."

"दुपट्टा?"

"नाही बांधला गा." मग हळूच म्हणाले, "आपल्या बाजूनं काही खराबी नाही."

काकू चहा घेऊन आली. तिनंच सांगितलं. बंगलोरले त्यांची पोरगी आहे, सोनल. तिच्या लेकीचं बारसं झालं. फोटोची लिंक काकूले आली, काकूनं ती यांले पाठवली. पण सोनलनं बोलावलेल्या लोकांसाठीच ती उघडते. तेव्हापासून रोज सकाळी केस विंचरून याच पानावर बसणं सुरू आहे.

"माह्या फोनमध्ये उघडते ना," काकू म्हणाली. "पाहा म्हटलं तर पाहात नाही."

"तो पास तुह्या नावाचा आहे," काका म्हणाले.

माह्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मी कितीदा ऐकलं होतं मालकाच्या त्या मेव्हण्याबद्दल, पण सोनलबद्दल काकांच्या तोंडून कधी नाही.

पानाच्या खाली एक निळं बटन होतं. परवानगी मागा. सगळ्या गल्लीले सगळी बटनं शिकवणाऱ्या काकांनी हे बटन कधी कोणाले दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, काका, दाबा ना.

"लोकं माह्याकडं मागत होते गा. मले मागायची सवय नाही."

काकूनं कप खाली ठेवला. "सोनलसाठी त्या पोरानंही परवानगी मागितली होती. आपल्याच फाटकावर, मे महिन्यात. तुम्ही पाणीसुद्धा नाही विचारलं. सोनल त्याच्या मागं गेली, ती गेलीच."

नकला करणाऱ्यालेही कुठं थांबायचं ते समजते, मी कपात पाहात राहिलो.

काकांनी कंगवा काढला. पुन्हा एकदा फिरवला. बटन दाबलं.

एक चौकट उघडली. नाव? अन् खाली, कशासाठी? काकांनी माह्याकडं पाह्यलं, जसं काही मीच ती लिहिली. एका बोटानं टाइप केलं, दौलत. मग खोडलं. बाबा लिहिलं. कामापाशी बोट लय वेळ अडलं. शेवटी लिहिलं, बाळाले पाह्यचं आहे. थांबले. मग अजून एक ओळ टाकली, जावईबापूले भेटायचं आहे, ते म्हणतील तेव्हा.

पाठवलं. मी म्हटलं, आता रिफ्रेश मारू का?

"नाही गा. आतल्या माणसाले घाई नाही करायची."

दुपारी मी चार्जर मागाले खाली आलो. काकांनी पायरीवर नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. स्क्रीनसमोर खुर्चीत ताठ बसून होते, गेट अजून उघडलं नव्हतं. पंखा फुल होता, घामानं पाठ ओली होती, अन् शर्टाचं वरचं बटन लागलेलंच होतं.