खालच्या मजल्याचा ढाळ

तपासनीस यायच्या आधीच पाइप बुजवून टाकायचे, असं शिक्केने एका शुक्रवारी ठरवलं, आणि आयुष्यात एकदा तरी आपण धाडस केलं असं त्याला वाटलं. (धाडसाची सवय नसली की माणूस नेमकं चुकीच्या ठिकाणी ते करतो.)

शिक्के हे त्याचं आडनाव नव्हे. टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर तो बावीस वर्षं बसत होता. पार्सलच्या लाखेवर शिक्का नीट उमटला नाही म्हणून त्याने किती माणसांना घरी परत पाठवलं होतं याची गणती नव्हती. एकदा तर स्वतःच्या सासऱ्यांना. नाव तेव्हाच पडलं. रागावली की बायकोसुद्धा ‘अहो शिक्के’ म्हणायची.

घर दुमजली आणि अरुंद. खाली एक खोली नि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि घरातलं एकुलतं एक बाथरूम. मध्ये चौदा पायऱ्या. बाबांना जिना चढवेनासा झाला तेव्हा डॉक्टरांनी शिक्केला बाजूला घेऊन सांगितलं, की पायांचं सोडा, हृदयच फार दिवस साथ देणार नाही. तीन महिने, फार तर चार. बाबांची खाट खालच्या खोलीत आली आणि त्या दिवसापासून शिक्के त्यांना दिवसातून पाच वेळा पाठुंगळी घेऊन वर नेऊ लागला. बेडपॅन आणलं होतं. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहून विचारलं, “हे कुणासाठी?” त्यानंतर ते कपाटावर जाऊन बसलं.

म्हणून जिन्याखालच्या कोपऱ्यात एक छोटं बाथरूम. भिंत धरून सहा पावलं बाबांना अजून टाकता येत होती. जायच्या आधी निदान महिनाभर तरी त्यांनी स्वतःच्या पायांनी आत जावं, कुणाच्या पाठीवर नाही, एवढंच शिक्केला हवं होतं. त्याने रीतसर परवाना काढला. तपासण्या दोन होणार होत्या. पाइप उघडे असताना, त्यात दिवसभर पाणी भरून ठेवून, एक. आणि फरशी बसल्यावर दुसरी. दोन्ही पास झाल्या की मगच रस्त्यावरच्या गटाराला जोडणी मिळणार. तोवर सगळं नुसतं शोभेचं.

पहिली तपासणी सोमवारी होती. शुक्रवारी प्लंबर म्हणाला, “सोमवारपासून मी दुसऱ्या कामावर. तीन आठवडे येणार नाही.”

“पण तपासनीस सोमवारीच येणार आहेत.”

“मग फरशी त्यांनाच बसवायला सांगा.”

(फरशीसुद्धा प्लंबरच बसवणार होता. हे कळलं तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ते स्वतः चाळीस वर्षं फरश्या बसवणारे मिस्त्री.)

शिक्केने हिशेब केला. तीन आठवडे म्हणजे बाबांच्या उरलेल्या दिवसांतला चौथा हिस्सा. प्लंबर म्हणाला, घाबरताय काय, माझ्याकडे पाइपांचा फोटो आहे, पाठवतो, तो दाखवा, ते मान डोलावतात आणि जातात. पार्सलवर एवढीशी गाठ सैल दिसली तर माणसाला परत पाठवणाऱ्या शिक्केने मान डोलावली. शनिवारी पाइप बुजले, रविवारी वर फरशी बसली. खाटेवरून बाबा सगळं बघत होते. त्यांनी एकच विचारलं, “पाणी भरून बघितलं का रे?”

“बघितलं, बाबा.”

सोमवारी तपासनीस आले. बुटके, शांत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. फरशी बघून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिक्केने पुढे केलेला फोन हातात घेतला.

“या फोटोत खिडकी आहे.”

“हो.”

“तुमच्या बाथरूमला खिडकी नाही. नुसतं पंख्याचं भोक आहे.”

“होती,” शिक्के म्हणाला. (का म्हणाला, ते त्याला आजही सांगता येत नाही.)

“जिन्याखाली?”

“लहान होती.”

“आणि हे कुत्रं?”

शिक्केने वाकून पाहिलं. फोटोत पाइपांना टेकून एक पांढरं कुत्रं निवांत झोपलं होतं. “ते येतं कधी कधी.”

“आमच्याकडे कुत्रं येत नाही,” खाटेवरून आवाज आला. “आणि पाइपात पाणी भरलेलं नाही. मी दिवसभर इथेच असतो, साहेब. मला दुसरा उद्योग नाही.”

तपासनीस फोन परत देऊन खाटेपाशी जाऊन बसले. दोघांचं जे जमलं, ते बघून शिक्केला आपण पाहुणे आहोत असं वाटू लागलं. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून हिरव्या काचेची गोटी काढून दाखवली. बसवलेली प्रत्येक फरशी त्यांनी याच गोटीने तपासली होती. लांबच्या भिंतीशी ठेवायची आणि सोडायची. पाणी जायच्या जाळीकडे गेली तर ढाळ बरोबर. नाही गेली तर उखडायचं, मालक कितीही हो म्हणत असला तरी.

“पुढच्या वेळी हिच्यानेच बघू, आजोबा,” तपासनीस म्हणाले. मग उठून शिक्केला म्हणाले, “फोडा.”

शिक्केने स्वतःच फोडलं. पाइप चांगला होता. हातोडीने तो तडकला. प्लंबर तीन आठवड्यांनी यायचा होता. तोवर पुन्हा पाच वेळा वर, पाच वेळा खाली. पहिले चार दिवस दोघं बोलले नाहीत. पाठीवर बसलेल्या माणसाशी अबोला धरणं सोपं नसतं. त्याचा श्वास आपल्या कानात येत असतो. पाचव्या दिवशी सहाव्या पायरीवर शिक्केला राहवलं नाही.

“गप्प बसला असतात तर आज खाली बसला असतात.”

“डावा खांदा खाली जातोय तुझा,” बाबा म्हणाले. “ढाळ आहे तुझ्यात.”

“माझं ऐकताय का?”

“ऐकतोय. माझ्यासाठी म्हणून खोटं काम करू नकोस रे. मला तेवढंच येत होतं, नीट काम. तेही माझ्याच घरात मोडायचं?”

शिक्के सातवी पायरी चढला. त्याची पाठ तेव्हाच दुखू लागली होती, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

प्लंबर आला, पाइप बदलला, दिवसभर पाणी भरून ठेवलं. तपासनिसांनी पाहिलं, पास केलं. नवी फरशी बसली. दुसरी तपासणी गुरुवारी ठरली. रविवारी सकाळी बाबा म्हणाले, “मला आत ने. गोटी सोडून बघतो.”

शिक्के आत गेला, उकिडवा बसला आणि फरशीकडे बघत राहिला. ती सरळ दिसत होती. पण आधीचीही सरळच दिसली होती. गोटी नको तिकडे गेली तर बाबा उखडायला लावणार, पुन्हा तीन आठवडे, आणि तेवढे तीन आठवडे आता उरलेत की नाहीत कोण जाणे. त्याने बाबांची नजर चुकवून खुंटीवरच्या सदऱ्यातून गोटी काढली आणि आपल्या खिशात टाकली.

“गोटी सापडत नाही, बाबा.”

“असेल इथेच.” बाबांनी उशीखाली पाहिलं. मग सुनेला हाक मारली. तिने गादी उचलली, अभ्रे झटकले, खाटेखाली झाडू फिरवला. दोन दिवस ती दोघं शोधत होती आणि शिक्के मधून मधून त्यांना मदत करत होता.

मंगळवारी दुपारी नवव्या पायरीवर पाठीवरचं ओझं एकदम जड झालं. शिक्केला वाटलं, झोप लागली. “आलंच हं,” तो म्हणाला आणि दहावी चढला. अकराव्या पायरीवर कानातला श्वास येत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. वर न्यायचं की खाली, हे त्याला ठरवता येईना. बायको धावत येईपर्यंत तो तिथेच उभा होता, डावा खांदा खाली गेलेला, बाबांचे पाय घट्ट धरून.

गुरुवारची तपासणी रद्द करायचं कुणालाच सुचलं नाही. तपासनीस दारात आले आणि रिकामी खाट बघून थबकले.

“कधी?”

“परवा.”

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. मग म्हणाले, “त्यांची गोटी होती ना? त्यांना शब्द दिला होता. तिच्यानेच बघतो.”

शिक्केचा हात खिशात होता. गोटी मुठीत घामेजली होती. “सापडत नाही,” तो म्हणाला.

“मग बादलीभर पाणी ओतून बघू?”

शिक्के बादली आणायला वळला आणि रिकाम्या खाटेपाशीच अडला. तपासनिसांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चष्मा उतरवला. “राहू द्या. आज नको.” त्यांनी उभ्या उभ्या सही केली आणि शिक्का मारला. तो अर्धवट उमटला. बावीस वर्षांत असा कागद शिक्केने खिडकीतून आत घेतला नसता.

ते गेल्यावर तो बाथरूममध्ये गेला, लांबच्या भिंतीशी गोटी ठेवली आणि सोडली. ती जाळीकडे वीतभर गेली. मग जरा थांबली, वळली आणि दाराकडे निघाली. दाराला उंबरठा नव्हता. बाबांचा पाय अडखळू नये म्हणून शिक्केनेच ठेवू दिला नव्हता. गोटी सरळ खोलीत आली आणि बाबांच्या खाटेखाली गेली.

तो तिच्यामागे खाटेखाली शिरला. गोटी हाताला लागली आणि त्याच क्षणी पाठीत काहीतरी कटकन झालं.

“अहो, साहेब गेले का?” वरून बायकोने विचारलं.

“गेले.”

“मग खाली काय करताय?”

“तपासणी.”

ती खाली आली. खाटेखालून बाहेर आलेले दोन पाय तिने पाहिले, मग वाकून त्याची मूठ पाहिली.

“कुठे होती?”

“माझ्याकडे.”

ती खाटेवर बसली. खाट त्याच्या डोक्यावर करकरली. त्याला हलता येत नव्हतं.

डॉक्टरांनी महिनाभर जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं. शिक्के बाबांच्या खाटेवर आला. कपाटावरचं बेडपॅन बायकोने काढून समोर ठेवलं, तेव्हा त्याने विचारलं, “हे कुणासाठी?” आणि मग ओशाळून भिंतीकडे तोंड केलं. शनिवारी गटाराची जोडणी झाली. रविवारी सकाळी त्याने नव्या बाथरूममध्ये बसून पहिली अंघोळ केली आणि भिंत धरत, सहा पावलं टाकत तो खाटेपर्यंत आला. पाणी त्याच्या आधीच पोचलं होतं.

“कसं आहे हो बाथरूम?” बायकोने जिन्यावरून विचारलं.

शिक्केने दोन्ही पाय हळूच उचलून खाटेवर घेतले.

“पास आहे,” तो म्हणाला.