पस्तीस टक्क्यांवर उभी गाडी

आमच्या गल्लीत रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपायची कोणाची टाप नाही, कारण त्या वेळी कंट्रोलर काकांच्या घरून कंप्युटर सुटतो. म्हणजे नेमकं काय, हे गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आधी चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर दोनदा टण टण वाजतं. ती डबल बेल. मग आतून भरदार आवाज येतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सुरक्षा अपडेट दहा टक्क्यांवरून सुटलेले असून पुढील थांबा वीस टक्के. वायरीजवळ कोणीही उभे राहू नये." मग वीस होतात, तीस होतात. पस्तीसवर आवाज पडतो आणि शेवटची घोषणा होते, "तांत्रिक कारणास्तव गाडी रद्द करण्यात आलेली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." ही दिलगिरी इतकी खणखणीत असते की मागच्या गल्लीतली कुत्री उठून भुंकायला लागतात.

काका एसटीत कंट्रोलर होते. चिखलीच्या स्टँडावर जाळीमागं बसून माईकवरून गाड्या पुकारणं, हेच त्यांचं आयुष्य. लोणारची गाडी, साखरखेर्ड्याची गाडी, मुक्कामी गाडी, सगळ्या त्यांच्या आवाजावर सुटल्या. निवृत्त झाल्यावर माईक सुटला, पण आवाज सुटला नाही. घरात बोलायला त्यांच्याकडे आपली वऱ्हाडी आहे, पण घोषणा करायची म्हटली की ते ताठ बसतात आणि तोंडातून एकदम छापील मराठी बाहेर पडतं. काकूंची पोळी तव्यावर असली तर ती 'उशिराने धावत' असते. जावई आले तर ते 'फलाटावर लागलेले' असतात. मी एकदा त्यांच्याकडून घाईत निघालो, तर मला दारातच अडवून म्हणाले, वेळेच्या आधी गाडी सोडता येत नाही, चहा घेऊन जा.

माझं नाव इरफान. काकांच्या भिंतीला भिंत लागून माझं घर, आणि स्टँडाच्या मागं झेरॉक्स आणि कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या पाटीवर मी मोठ्या हौसेनं 'सर्व प्रकारचे कंप्युटर खात्रीने दुरुस्त' असं रंगवून घेतलंय. या खात्रीची काकांच्या एकट्या कंप्युटरनं पार रया घालवली. भाजीबाजारात लोक मला विचारायला लागले, काऊन इरफानभाई, कंट्रोलरची गाडी आजही पस्तीसवरच का?

कंप्युटर जुना. काकांची मुलगी वैशाली इंजिनियरिंगला असताना तिच्यासाठी घेतलेला. पुढं तिला हैदराबादला नोकरी लागली, लग्न झालं, आणि कंप्युटर मात्र माहेरीच राहिला. काका त्याच्यावर पेन्शनीचं बँकेचं काम करतात आणि पत्ते खेळतात. त्यातली सिस्टीमही त्या काळातलीच. कंपनी तिला आता नवं काही देत नाही, फक्त चोरापासून जपायला सुरक्षेचे अपडेट पाठवते. तो अपडेट पस्तीस टक्क्यांपर्यंत चढायचा, थबकायचा, आणि स्क्रीनवर इंग्रजीत यायचं, की जमत नाही, केलेले बदल मागं घेतोय, कंप्युटर बंद करू नका.

हे शेवटचं वाक्य काकांनी फार मनावर घेतलं. बंद करू नका म्हणजे करू नका. शनिवारी संध्याकाळी ते वायरमनला गाठून उद्या सकाळी लाइन घालवू नको म्हणून बजावायचे. अपडेट चालू असताना काकूंना मिक्सर लावायची मनाई होती. चटणी पाट्यावर वाटायची. दसऱ्याला सगळ्यांनी गाड्यांची पूजा केली तेव्हा काकांनी कंप्युटरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी डब्यावर शिंपडायला निघाले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, नाहीतर त्याच दिवशी सगळा खेळ आटोपला असता.

मी काय काय केलं नाही. अपडेटची सेवा बंद करून चालू केली. काका म्हणाले, "इंजिन गरम झालं असन." अर्धवट डाउनलोड होऊन पडलेला माल पुसून टाकला. काका म्हणाले, "डिझेलचा पाइप चोंदला असन." पेन ड्राइव्हवर अपडेट आणून हातानं चढवून पाहिला, तर काकांनी त्याला 'स्पेशल गाडी' असं नाव दिलं आणि तीही पस्तीसवरच रद्द केली. एक गोष्ट मला दिसत होती. डिस्कमध्ये जागाच उरत नव्हती. शुक्रवारी मी कचरा झाडून जागा करावी आणि रविवारी पाहावं तर पुन्हा गच्च. मी ठामपणे सांगितलं, की हा व्हायरस आहे, जागा खाऊन राहिलाय. त्याच्यावर एक औषधी प्रोग्राम टाकला. त्या प्रोग्रामनंच उरलीसुरली जागा खाल्ली.

रविवारी खरी दुरुस्ती वैशाली करायची. ती हैदराबादहून इंटरनेटवरून या कंप्युटरात शिरायची, फोन स्पीकरवर असायचा आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागायचा. तो क्षण पाहण्यासारखा असे. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. बाण हलला की ते माउसवरचा हात पटकन काढून घेत, खुर्ची थोडी बाजूला सरकवत आणि स्वयंपाकघराकडं पाहून म्हणत, "आली बरं पोट्टी." मग काकू भाजी निवडायचं ताट घेऊन तिथंच येऊन बसत. बाण इकडं गेला की दोघांच्या माना इकडं, तिकडं गेला की तिकडं. टक्के चढेपर्यंत दुसरं काही काम नसायचं. तेवढ्या वेळात नातवाचे दात, तिकडच्या वांग्यांना नसलेली चव, सासूबाईंचे गुडघे, सगळं बोलून व्हायचं. काकू कधी कधी स्क्रीनसमोर आलुबोंड्याची बशी धरायच्या. मी एकदा सांगितलं, काकू, तिला तुमचा कंप्युटर दिसतो, बशी नाही दिसत. काकू म्हणाल्या, माहीत आहे, तरी धरते.

दिवाळी झाल्यावर मात्र वैशालीचा धीर सुटला. म्हणाली, बाबा, बँकेचं काम यावर करता आणि सुरक्षा महिनोन्महिने नाही, हे बिनाकुलपाचं घर झालं. पुढच्या रविवारी अपडेट चढला तर ठीक, नाहीतर मी नवा लॅपटॉप पाठवते, हा भंगारात द्या. नव्याची काही कटकट नाही, तो आपला आपण अपडेट होतो, कोणाला हातही लावावा लागत नाही. ती हे बोलली त्या रविवारी काकांनी गाडी रद्द झाल्याची घोषणाच केली नाही. गल्लीत लोक एकमेकांना विचारत होते, आज झालं काय?

शुक्रवारी दुपारी काका माझ्या दुकानात आले. शर्ट चुरगळलेला, आवाज खाली. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "इरफान, शटर वढ. गाडी सोडायची हाय."

घरी गेल्यावर त्यांनी स्वतः कंप्युटर चालू केला. 'वैशू कॉलेज प्रोजेक्ट' नावाच्या फोल्डरवर बाण नेला. त्या फोल्डरला मी कधी हात लावला नव्हता. लेकीचा अभ्यास, कोण पुसणार? त्याच्या आत एक फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, आणि त्याचं नाव 'रुमाल'. काकांनी तो उघडला आणि स्वतः खिडकीकडं तोंड करून बसले.

आत व्हिडिओ होते. पहिल्याचं नाव 'निरोप समारंभ'. त्याच्याखाली 'निरोप समारंभ कॉपी', त्याच्याखाली आणखी एक कॉपी, आणि मी खाली खाली सरकवत गेलो तरी समारंभ संपेना. एक लावून पाहिला. काकांच्या निवृत्तीचा सत्कार. एक साहेब भाषण करताहेत आणि कॅमेरावाल्यानं बराच वेळ छताचा पंखाच दाखवलाय. असा व्हिडिओ एकदा पाहणंही शिक्षा, आणि इथं त्यानं अख्खी डिस्क भरली होती.

मी विचारलं, काका, हे काय?

"स्टँडावर गाडी लागली की मानूस काय करते?" काका खिडकीकडं पाहतच म्हणाले. "खिडकीतून रुमाल टाकते. जागा धरते. मी दर शनिवारी रुमाल टाकत होतो, इरफान. अपडेटले बसाले जागाच नाई भेटली पाहिजे. साहेबाचं भाषन लय वजनदार हाय, म्हनून तेच घेतलं."

माझं डोकं सणकलं. मी व्हायरस शोधत गावभर हसं करून घेतलं, बाजारात जायची चोरी झाली, आणि इथं व्हायरस दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मलाच चहा पाजत होता. मी म्हणालो, काका, तुमच्यापायी मी पाटीवरचं 'खात्रीने' पुसायला निघालो होतो. स्वयंपाकघरातून काकूंनी सांगितलं, की त्यांनी पहिल्या दिवसापासून मना केलं होतं. मग थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, की एखाद्या शनिवारी काका विसरले तर त्या आठवण करून देत.

मी म्हणालो, मग आता कशाला काढता? येऊ द्या की नवा लॅपटॉप.

काका वळले. "जुना हाय म्हनून बिघडते तरी बे. नवा बिघडतच नाई म्हनते थे. मंग कोन येईन पाहाले?"

माझा राग तिथंच बसला. दर रविवारी त्या पस्तीस टक्क्यांवर हे घर उभं होतं, आणि मी खुळ्यासारखा ते पस्तीस ओलांडायच्या मागं लागलो होतो. मी म्हणालो, एखादी कॉपी राहू द्या. पण काका कंट्रोलर माणूस. गाडी सोडायची ठरली म्हणजे ठरली. त्यांनी एकेक करून सगळे समारंभ स्वतःच्या हातानं पुसले आणि मूळ एक तेवढा बाहेर 'वैशू कॉलेज प्रोजेक्ट'मध्ये काढून ठेवला. मग 'रुमाल' हा रिकामा फोल्डरही पुसला.

रविवारी मी मुद्दाम गेलो. काका इस्त्रीच्या शर्टात, काकूंसमोर मेथीची जुडी. बाण हलला. वैशाली नेहमीसारखी बोलायला लागली, पण काका हं हं करत होते. त्यांनी पेला वाजवला नाही. दहा, वीस, तीस. गल्लीतली चार माणसं दाराशी येऊन उभी राहिली. पस्तीस आले, आणि गेले. दाराशी कोणीतरी टाळी वाजवली, काकूंनी त्याच्याकडं असं पाहिलं की दुसरी टाळी वाजली नाही. पन्नास. ऐंशी. कंप्युटर एकदा बंद होऊन आपला आपण चालू झाला, वैशाली पुन्हा आत आली, आणि अपडेट पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर उमटलं.

"गाडी पोहोचली," काका हळूच म्हणाले. मग फोनकडं वाकून म्हणाले, की बाई, आता तुला दर रविवारी अडकून बसायला नको, तुझा एक दिवस मोकळा झाला, लेकराला घेऊन कुठं फिरायला जात जा.

स्क्रीनवरचा बाण हलला. तो मोकळ्या जागेवर गेला. तिथं एक नवा फोल्डर तयार झाला आणि त्याच्याखाली एकेक अक्षर उमटायला लागलं. काकांनी चष्मा वर सरकवला. 'रुमाल.' मग बाण 'वैशू कॉलेज प्रोजेक्ट'मध्ये शिरला, तिथून 'निरोप समारंभ' उचलला आणि त्याची एक कॉपी आणून नव्या फोल्डरात ठेवली. म्हणजे पोरीला सगळं आधीपासून ठाऊक होतं. दर रविवारी तिनं त्या भाषणाच्या कॉप्या पाहिल्या होत्या, आणि दर रविवारी अपडेट का चढत नाही याचं नवल वाटल्याचं नाटक ती करत बसली होती. लॅपटॉपचा धाक तेवढा तिनं बँकेच्या काळजीपोटी घातला होता.

"बाबा," वैशाली म्हणाली, "मी माहा रुमाल टाकला. अपडेट होवो नाईतर न होवो, रविवारची माही जागा कोनाले देऊ नका."

काका ताठ बसले. त्यांनी घसा खाकरला आणि घोषणेचा आवाज लावला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुढील रविवारची गाडी..." आणि तिथंच थांबून ते चष्मा काढून पुसायला लागले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी उगाच वायर तपासायला टेबलाखाली वाकलो.

वरून काकूंचा आवाज आला. शांत, छापील मराठीतला, एक शब्द इकडचा तिकडं नाही. "पुढील रविवारची गाडी आपल्या ठरलेल्या वेळेवर सुटेल." मग त्यांनी मेथीचा हात पदराला पुसला, चमचा घेतला आणि पेल्यावर दोनदा वाजवला.