मधुकररावांचं हळदीकुंकू

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मधुकरराव देवपुजारी हेल्मेट घालून पायी हिंडतात. त्यांच्याकडे स्कूटर नाही, कधी नव्हतीही. एकदा मी विचारलं, तर त्यांनी वर बोट दाखवलं. "वहिनी, प्रत्येक गॅलरीत कुंड्या आहेत. खाली कोण चाललं ते कोणी पाहून राहिलं का? मला भेव लागते ना." एवढं बोलून त्यांनी हनुवटीखालचा पट्टा घट्ट केला आणि ते मेथी आणायला गेले. भाजीवाला त्यांना 'हेल्मेटवाले अंकल' म्हणतो. गल्लीही तेच म्हणते, फक्त त्यांच्या माघारी.

'भेव लागते ना' हे त्यांचं पालुपद. सगळी नोकरी त्यांनी वीज खात्याच्या कचेरीत काढली, पण घरातलं दिव्याचं बटण ते अजून लाटण्यानं दाबतात. "आतून पाहिलं आहे मी सगळं," असं त्याचं कारण सांगतात. कुत्र्यांची भीती, लिफ्टची भीती, लग्नातल्या बँडची भीती. फोन वाजला की आधी खुर्ची ओढून बसतात, मग उचलतात. वाईट बातमी उभ्यानं ऐकू नये, असं त्यांचं मत. मी यावर पुष्कळ हसले होते. ह्यांच्याबद्दल, माझ्या नवऱ्याबद्दल, दवाखान्यातून तो फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. आता मीही बसूनच फोन उचलते.

इतका भित्रा माणूस चार लोकांच्या मागून गुपचूप चालत असेल, असं कुणालाही वाटेल. मधुकररावांचं नेमकं उलटं. एका दिवाळीला गल्लीनं ठरवलं की सगळ्या घरांवर एकसारख्या निळ्या दिव्यांच्या माळा लावायच्या. मधुकररावांनी परातीत पाणी घालून त्यात पणत्या ठेवल्या. निळ्या रांगेत त्यांचं घर पडलेल्या दातासारखं दिसत होतं. मुलं ओरडली, मोठ्यांनी समजावलं, एकानं तर माळ आणून दारात ठेवली. ती त्यांनी चिमट्यानं उचलून परत नेऊन दिली. देताना हेल्मेटचा पट्टा दोनदा घट्ट केला, पण दिली.

"एवढी भीती वाटते, तर लावून टाकायची ना माळ," मी म्हटलं.

"लावून पाहिली ना वहिनी, मागच्या साली. सगळ्यांसारखं केलं की जास्त भेव लागते. आपलं घर कोणतं, तेच समजत नाही."

कुसुमवहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, होत्या तोवर हे सगळं गमतीत खपून जायचं. त्या हसून म्हणायच्या, "आमचे हे असेच." त्या गेल्यावर गल्लीनं हसणं बंद केलं आणि नुसतं पाहणं सुरू केलं. त्या पाहण्याची मला धास्ती वाटते. ते पाहणं माझ्याकडेही वळलेलं आहे.

यंदा संक्रांतीनंतरच्या एका सकाळी मधुकरराव हेल्मेट घालून, हातात हळदीकुंकवाची कोयरी धरून, दारोदार फिरले. "रविवारी दुपारी हळदीकुंकू आहे आमच्याकडे. मीच करून राहिलो. याल ना?"

समोरच्या मिश्राभाभींनी तोंडाला पदर लावला. "अंकल, ये तो औरतों का होता है ना?"

"हाँ जी. इसीलिए तो औरतों को बुला रहा हूँ."

पुरुषानं हळदीकुंकू केल्याचं आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. दुपारपर्यंत ते सराफा बाजारापर्यंत पोचलं. कुणी म्हणालं, डोकं फिरलं. कुणी म्हणालं, चाल असेल काहीतरी. आणि संध्याकाळी कळलं की त्यांनी मलाही बोलावलं आहे, तेव्हा लोकांनी बोलणंच बंद केलं. ते सगळ्यांत वाईट होतं.

मला बोलवायला आले तेव्हा मधुकरराव माझ्या दारात बराच वेळ उभे होते. हळदीकुंकवाचं आमंत्रण मला आता येत नाही. महिला मंडळाचा कार्यक्रम असतो त्या दिवशी मी खिडकी लावून घेते आणि वाचत बसते. त्यांनी कोयरी पाठीमागे लपवली, पुन्हा पुढे आणली. "या म्हटलं, वहिनी. तुम्हाला भेव लागत असेल तर नका येऊ. मलाही लागून राहिलं."

दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळाच्या सुमनताई आल्या. त्या नेहमी गोडच बोलतात. चहा घेतला, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला आणि मग म्हणाल्या, "शैला, तू तर समजदार आहेस. पढी-लिखी आहेस."

"काय झालं, ताई?"

"आम्ही काही बंदी नाही घालून राहिलो हं. जिला जायचं तिनं जावं. फक्त मग बाकीच्या घरांतून तिला बोलावणं जमणार नाही. आणि तुझं तर..." त्यांनी कप हलकेच खाली ठेवला. "एकटा पुरुष, एकटी बाई. लोक काय, देखो, लोक बोलतातच. मला तुझी काळजी वाटते म्हणून."

त्या गेल्यावर मी दाराला कडी लावली, आणि ती लागली का ते पुन्हा जाऊन पाहिलं. मला खरंच भीती वाटत होती. ह्यांच्या माघारी माझं जे काही माणसांत येणं-जाणं उरलं आहे, ते याच गल्लीत आहे. कुणी डबा पाठवतं, कुणी औषध आणून देतं. तेही गेलं तर?

रविवारी दुपारी मी साडी बदलली, मग पुन्हा घरातली नेसले, मग पुन्हा बदलली. त्यांचं घर चार दारं सोडून आहे. पहिल्या दारातलं बोलणं मी समोर येताच थांबलं. तिसऱ्या खिडकीतला पडदा हलला. परत फिरायला पुरेसं अंतर होतं, पण परत फिरतानाही तेच पडदे लागले असते.

मधुकररावांचं दार सताड उघडं होतं. आत मोठी सतरंजी, तिच्यावर धुतलेली चादर, तबकात तिळगूळ, हरभरे, बोरं. वाण म्हणून त्यांनी शिट्ट्या आणल्या होत्या, पिवळ्या प्लास्टिकच्या, दोऱ्यात ओवलेल्या. "अडीअडचणीला वाजवता येते," ते म्हणाले. सतरंजीवर कुणीही नव्हतं.

त्यांनी कोयरी पुढे केली आणि मान भिंतीकडे वळवली. "मी नाही लावत. तुम्हीच घ्या. घ्यावंसं वाटलं तर." मी बोट बुडवलं आणि स्वतःच कुंकू लावलं. आरसा नव्हता, त्यामुळे नीट लागलं की नाही ते मला माहीत नाही.

"आता मी आत जातो," मधुकरराव म्हणाले.

"आत? का?"

"माझी जागा तिथंच असते." ते मधल्या दाराच्या पडद्याशी घुटमळले. "कुसुमचं हळदीकुंकू असलं की सगळे पुरुष बाहेर निघून जायचे. मला तर बाहेर भेव लागते. म्हणून मी आतल्या खोलीत, पलंगावर, चूप बसून राहायचो. इकडे तुम्ही बायका बोलायच्या, हसायच्या, एकीचं संपत नाही तर दुसरीचं सुरू. सालभरात तेवढी एकच दुपार, वहिनी, मला कशाचंच भेव नाही लागायचं." त्यांनी पडद्याची कड धरली. "ती गेल्यावर घरात बाईचा आवाजच नाही आला. म्हणून केलं. बाकी काही नाही."

"पण मी एकटीच आहे. काय बोलू?"

"काहीही. बायका बोलतात तसं." आणि पडदा ओढून ते आत गेले. पलंग करकरला, मग शांत झालं.

मी मुळात कमी बोलणारी. रिकाम्या सतरंजीपुढे, उघड्या दाराच्या घरात, एकटीनं बोलायचं. बाहेर कुणी ऐकलं तर मलाही वेड लागलं म्हणतील. पण पडद्याच्या पलीकडे एक माणूस श्वास रोखून बसलेला होता.

"आज नळ उशिरा आला," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "आणि आला तोही गढूळ. तिळगूळ बरा झालाय. ह्यांना मात्र वड्या कडक लागायच्या. दात दुखायचे, तरी कडकच. मी रागवायचे..."

हे गेल्यापासून असं मी कुणाजवळ बोलले नव्हते. पुढचं वाक्य जुळवत असतानाच बाहेर चपलांचा आवाज आला आणि दाराशी येऊन थांबला. उन्हात एक सावली उंबऱ्यावर पडली. मिश्राभाभी की सुमनताई, कळेना. येणारी की बघायला आलेली, तेही कळेना. वड्यांची गोष्ट अर्धीच ठेवून मी थांबले.

"काहून थांबल्या, वहिनी?" आतून हलका आवाज आला. "चांगलं ऐकू येऊन राहिलं होतं. थोडं जोरात बोला ना."

मी उंबऱ्यावरच्या सावलीकडे पाहत राहिले, आणि आवाज चढवून ह्यांच्या कडक वड्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.